डबल बेल

रत्नमाला कुराडेने एस्टीत सारी हयात काढली आणि त्या हयातीत एकालाही फुकट बसवलं नाही. सख्ख्या भावाला नाही की डेपो मॅनेजरच्या सासूलाही नाही. गडहिंग्लज-नेसरी मार्गावरचे लोक म्हणायचे, कंडक्टरबाईंच्या गाडीत माशी शिरली तरी तिचं हाफ तिकीट निघतं.

पुढे विजेच्या गाड्या आल्या, चेहरा ओळखून भाडं कापून घेणारी यंत्रं आली आणि कंडक्टर ही जमातच संपली. रत्नमाला शेवटच्या फळीतली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बाई, काय पाहिजे?" तिने भंगारात निघालेल्या लाल गाडीची घंटी दोरीसकट मागून घेतली. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल, एवढी भाषा तिला आयुष्यभर पुरली होती.

आणि अशा बाईने म्हातारपणी काय करावं? सगळं फुकट! डिझेलच्या गाड्यांची जुनी शेड रिकामी पडली होती. ती तिने सकाळपुरती मागून घेतली, आढ्याला घंटी टांगली आणि पन्नाशी उलटलेल्या बायकांना फुगडीला बोलावलं. फी नाही, वर्गणी नाही, नाव नोंदवणं नाही. घरचा चहा उरकला की यायचं. फुगडी, झिम्मा, पिंगा. गुडघे धड नसतील त्यांनी बसफुगडी घालायची, म्हणजे बसल्या जागी हात धरून डुलायचं, आणि तेही जमत नसेल त्यांनी भिंतीकडेला बसून गाणी म्हणायची. "तुम्ही नुसतं या," ती सांगायची. "हितं तिकीट न्हाई." जन्मभर तिकिटं फाडलेल्या हातांना त्यात काय सुख मिळत होतं ते त्या हातांनाच ठाऊक.

फुकट म्हटलं म्हणून आपल्याकडच्या बायकांचा हात रिकामा थोडाच राहतो? कुणीतरी अंबाडीची भाजी आणली. ज्या डब्यातून ती आली तो डबा दोन दिवसांनी सांडगे घेऊन परत गेला. सांडग्यांच्या मागून लोणचं आलं, लोणच्याच्या मागून कडाकण्या. डबा रिकामा परत करायचा नाही हे या गावात मूल बोलायच्या आधी शिकतं. फुगडीपेक्षा डबेच जास्त गरगरायचे म्हणा ना.

या शेडकडे पुण्याचं लक्ष गेलं ते ऋजुतामुळे. ऋजुता ही रत्नमालेच्या धाकट्या भावाची मुलगी. माणसांच्या हृदयांचा अभ्यास करणाऱ्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती काम करत होती. एकदा ती नखाएवढ्या पारदर्शक टिकल्या घेऊन आली आणि तिने सगळ्या बायकांच्या गळ्याखाली एकेक चिकटवली.

"हे काय करतंय?" रत्नमालेने विचारलं.

"ऐकतंय, आत्या. आपल्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वास आत घेतला की ते किंचित भरभर पडतात, सोडला की सावकाश. त्याचा लगाम असतो वेगस नावाच्या नसेच्या हातात. ही नस मेंदूपासून निघून थेट पोटापर्यंत जाते आणि सगळ्या अवयवांना सांगत असते, शांत व्हा, संकट नाही. आता माणसं एका लयीत गायला, नाचायला लागली की त्यांचे श्वास जुळतात. श्वासापाठोपाठ ठोक्यांची चढउतार जुळते. त्याला आम्ही मेळ म्हणतो. मेळ टिकला की ही नस जोमाने काम करते, अंगातला दाह उतरतो, रक्तदाब आणि साखर ताळ्यावर येते."

हे तोवर डॉक्टरांनाही पटलं होतं. गोळ्यांच्या चिठ्ठीवर खाली 'समूह, रोज सकाळी' असं लिहून मिळायचं. शहरांत त्यासाठी गुबगुबीत गालिच्यांची वेलनेस केंद्रं निघाली होती, भरमसाट फी घेणारी. पण गंमत अशी, की तिथे मेळ काही केल्या धरत नव्हता. मग फीऐवजी बक्षिसाचे गुण देऊन पाहिले, तर उरलासुरलाही गेला.

ऋजुताच्या गटाने त्याचं कारण शोधून काढलं होतं. पैसे भरून आलेल्या माणसाचा मेंदू वसुली करत बसतो. भरलं तेवढं मिळतंय का, शेजारच्याला जास्त तर मिळत नाही ना, हे तोलणारा मेंदूचा भाग जागा राहतो आणि तो जागा असेतो श्वास उथळ राहतो. हिशोब करत बसलं तर झोप येत नाही, तसाच मेळही येत नाही. याउलट गडहिंग्लजच्या शेडमध्ये बायकांच्या ठोक्यांच्या रेघा पडद्यावर अशा गुंफल्या जायच्या, की वेणी घातल्यासारखं दिसायचं. पाहणीतल्या सगळ्या जागांत ही शेड पहिली आली.

नेमक्या त्याच वेळी ड्रोनने पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीने गोदामासाठी त्या शेडवर डोळा ठेवला. नगरपालिका द्यायला तयारच होती. ऋजुताने धावपळ करून राज्याच्या समूहस्वास्थ्य मिशनला गाठलं. मिशन म्हणालं, आम्हाला अशीच 'निर्व्यवहार केंद्रं' हवी आहेत. तीन आठवडे परीक्षा घेऊ. तेवढ्यात एकही व्यवहार झाला नाही आणि मेळ टिकला, तर शेड कायमची बायकांची.

परीक्षेसाठी दारात एक खांब आला. कमरेएवढा, करडा, वर काचेचा डोळा. कोण काय घेऊन आत गेलं आणि ते कुणाच्या हातात पडलं हे त्याला दिसायचं. व्यवहार दिसला की तो टिंग करायचा. पहिल्याच दिवशी बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि त्याचं नाव म्हसोबा ठेवलं.

म्हसोबा त्या दिवशी टिंग टिंग टिंग करत सुटला. डबे!

"मी वरती विचारते, आत्या," ऋजुता ओशाळून म्हणाली. "नियमात पैसा, वस्तू, सेवा, गुण असं सगळंच लिहिलंय. पण डबे त्यांच्या डोक्यातही नसतील. आजचा दिवस ते सोडून देतील."

"विचारायचं काय त्यात? नियम म्हंजे नियम," रत्नमाला म्हणाली. तिच्या अंगात जुना गणवेश संचारला होता. तिने घंटी वाजवली, एकच. बायका थांबल्या. "उद्यापासनं डबा बंद. भाजी न्हाई, चटणी न्हाई, सुपारीचं खांडसुद्धा न्हाई. हात हलवत यायचं. शेड पाहिजे ना?"

शेड सगळ्यांनाच पाहिजे होती. बायकांनी माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात तारा परत आली. तारा गोंधळी म्हणजे नेसरीची भाजीवाली. पूर्वी रोज पहाटेच्या गाडीने माळवं घेऊन बाजाराला यायची, रत्नमालेच्या गाडीने. रोज तिकिटाचे पैसे द्यायची आणि रोज वर एक मूठभर शेंगा पुढे करायची. रत्नमालेने त्या एकदाही घेतल्या नाहीत. आज शेंगा घेतल्या तर उद्या तिकीट कसं फाडू, हे तिचं तत्त्व होतं. तरी दोघींची मैत्री जमली. तारा पुढे गडहिंग्लजलाच राहायला आली. फुगडीत तिचा हात धरला की रत्नमालेला वाटायचं, आता गाडी घाटात सुटली तरी भीती नाही.

मध्यंतरी ताराच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. एकटी बाई, मुलगा दूर. शेडमधल्या बायकांनी आळीपाळीने डबे पोचवून तिला उभी केली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, गोळ्या चुकल्या एखाद्या दिवशी तर चालेल, समूह चुकवू नका.

तारा दारात आली ती दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन. चेहरा उतरलेला, पण डोळे हसत होते. सगळ्यांचे डबे तिने भरून आणले होते.

"टिंग," म्हसोबा म्हणाला.

रत्नमाला आडवी आली. "तारे, पिशव्या भाईर ठेव. आत चालत न्हाई."

"अगं, डबं हायती. सगळ्यांचं."

"म्हायत हाय. पण परीक्षा चालू हाय. शेडचा प्रश्न हाय बग. नुसती ये."

"रिकाम्या हातानं?" तारेने विचारलं. "एवढं खाल्ल्यावर?"

 तारेने एकदा आत बायकांकडे पाहिलं, एकदा खांबाकडे. "बरं," ती म्हणाली. "मी येतो मग," आणि पिशव्या घेऊन जशी आली तशी परत गेली. तिकडच्या बायका 'येतो', 'जातो' असंच बोलतात, आणि तो 'येतो' जाण्याचाच होता. रत्नमालेला वाटलं, उद्या येईल. तारा उद्याही आली नाही आणि परवाही नाही.

म्हसोबा आता दिवसदिवस मुका राहायचा. नियम तंतोतंत पाळला जात होता. बायका वेळेवर येत होत्या, फुगडी घालत होत्या, वेळेवर जात होत्या. जाताना रेंगाळायला कारणच उरलं नव्हतं.

परीक्षा संपायच्या आदल्या दिवशी ऋजुता तोंड पाडून आत्याच्या स्वयंपाकघरात आली आणि तिने रेघांचा पडदा तिच्यापुढे धरला. "आत्या, मेळ सुटलाय."

रत्नमालेने चष्मा लावला. वेणी उसवली होती. प्रत्येक रेघ आपापली चालली होती.

"यंतर बिघडलंय."

"नाही बिघडलं. डबे बंद झाले त्या दिवसापासून उतरत गेलाय. आम्हीच चुकलो बहुतेक. आम्हाला वाटलं, व्यवहार नको म्हणजे देणंघेणंच नको." ती घुटमळली. "अजून एक आहे. सांगू का नको, असं झालंय मला."

"सांग की. मी काय काचेची हाय?"

ऋजुताने जुना, डबे चालू असतानाचा आलेख काढला. वेणी सुरेख होती. पण तिच्या बाजूने एक रेघ सुटी धावत होती, कुठेच न गुंतता. "ही तुमची रेघ, आत्या. पहिल्या दिवसापासून अशीच आहे. तुम्ही सगळ्यांचा मेळ जमवता, पण तुम्ही स्वतः त्यात कधीच नव्हता."

 कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं रत्नमालेला झालं. एवढी वर्षं तिने त्या बायकांचे हात धरून गिरक्या घेतल्या होत्या. ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि तशीच ताराकडे गेली.

तारा भिंतीला टेकून बसली होती. पावलांवर सूज दिसत होती. समोरच्या फळीवर डबे ओळीने मांडलेले होते, घासून लख्ख, रिकामे. त्यातला खाऊ नासून जाऊ नये म्हणून तिने तो शेजारच्या पोरांना वाटून टाकला होता.

"तारे, मी तुला गाडीतनं उतरवलो बग," रत्नमाला म्हणाली. "चुकलं माझं. मिशन गेलं खड्ड्यात, शेड गेली तर जाऊ दे. उद्या तू डबं घेऊन ये."

"शेड कशाला जाऊ द्यायची? मीच ऱ्हातो की घरात."

"आनि मरतीस काय हितं?"

तारा हसली. रत्नमालेची नजर फळीकडे गेली. त्या डब्यांवर बायकांची नावं कोरलेली होती. रत्नमाला एकेक वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"माझा डबा कुठाय ह्यात? मी पण दिलतो की. खीर, भात, दोनदा पिठलं."

"तुझा न्हाई," तारा म्हणाली. "तू माझ्याच भांड्यात ओतून तिथल्या तिथं डबा धुऊन घेऊन जायचीस. तुझं तसंच असतंय. कुणी तुला वाटीभर दिलं, की सांजच्याला तू परात भरून परत आणतीस. दारात उभी ऱ्हाऊनच देतीस. वाटी काय तुझ्या घरात रात काढत न्हाई. आम्हाला कळतंय गं, रत्ने. तुला कुणाचं ऱ्हाऊ द्यायचंच नसतंय. आम्ही आपलं तुझ्या गाडीत बसलेलं पाशिंजर."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.  रत्नमालेला वाटायचं, आपण सगळ्यांना फुकट देतो, हा केवढा मोठेपणा. आपण घेत मात्र कुणाचंच नाही, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

तारा उठली, आतून एक छोटा डबा घेऊन आली आणि जुन्या सवयीने हात पुढे केला. "भाजलेल्या शेंगा हायती. घेनार न्हाईस, म्हायती हाय मला. पन इचारायला काय जातंय?"

नेसरीच्या गाडीत हा हात किती वेळा पुढे आला असेल! रत्नमालेने डबा घेतला आणि तिथेच बसून शेंगा फोडायला सुरुवात केली. तारा बघतच राहिली. खरपूस होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत तिने निम्मा डबा संपवला आणि उरलेला पदराखाली घरी नेला.

रात्री डबा घासताना तिचा हात आपोआप लाडवांच्या बरणीकडे गेला. दोन लाडू टाकावेत, सकाळी परत देऊन टाकावा. हात बरणीच्या झाकणावर थांबला. मग तिने तो रिकामा डबा पुसून आपल्या फळीवर ठेवून दिला आणि दिवा मालवला. झोप लागायला जरा वेळच लागला. दुसऱ्याचा डबा घरात असला की कसं चुकल्याचुकल्यासारखं होतं!

दुसऱ्या दिवशी मिशनचे साहेब आले. नाडगौडा त्यांचं नाव, मूळचे हलकर्णीकडचे, कागदाला कागद जोडणारे पण मनाने साधे. ते खुर्चीवर बसतात न बसतात तोच म्हसोबा कोकलायला लागला. एकेक बाई डबा घेऊन आत येत होती. रत्नमालेने सकाळीच गावभर निरोप धाडला होता. सगळ्यांच्या मागून तारा आली, रिकाम्या डब्यांत रातोरात चटणी भरून. हृदयात नवी झडप घेऊन या बाईने रात्रभर दाणे कुटले होते.

"हे काय चाललंय, कुराडेबाई?" साहेब उभे राहिले. "हा तर बाजार झाला!"

"बाजार न्हाई साहेब. बाजारात दिलं-घेतलं की संपलं, कोण कुणाचं न्हाई. हितं संपत न्हाई, म्हणून उद्या परत यावं लागतंय."

"पण नियम..."

"नियम मीच मोडलाय. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा. आधी फुगडी बघा."

तारा तिच्याजवळ येऊन कानात कुजबुजली, "माझा डबा?"

"घरात हाय," रत्नमाला म्हणाली. "ऱ्हाऊ दे की. गडबड काय हाय?"

तारेने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मग अशी खळखळून हसली की भिंतीकडेच्या म्हाताऱ्याही वळून बघायला लागल्या. रत्नमालेने दोरी ओढली, दोनदा. तारेला झेपेल अशी दोघींनी बसफुगडी धरली आणि बाकीच्या गरगरायला लागल्या. शेडच्या पत्र्याखाली गाणं घुमलं.

ताराच्याही गळ्याखाली टिकली चिकटवून ऋजुता पडद्यासमोर बसली होती. रेघा आधी विस्कटलेल्याच होत्या. मग दोन जवळ आल्या, चार आल्या, बघता बघता वेणी पडली. ती सुटी रेघ शोधायला लागली. सापडेना. पडद्यावर बोट फिरवून एकेक रेघ पाहिली, तेव्हा तिला ती मिळाली, ताराच्या रेघेत अशी गुंतलेली, की वेगळी काढता येईना. ऋजुताने नाक ओढलं. शास्त्रज्ञ झाली म्हणून काय झालं, आत्या तिचीच होती.

नाडगौडासाहेब पाठीमागून पाहत होते. "हे डबे बंद होते तेव्हाचं दाखवा," ते म्हणाले. तेही पाहिलं. मग बराच वेळ त्यांनी टक्कल खाजवलं.

निघताना एका बाईने त्यांच्या हातात डबा ठेवला. म्हसोबा टिंग म्हणाला. "नको नको, आम्हाला चालत नाही," म्हणत साहेबांनी तो घेतलाच, कारण आत कडाकण्या होत्या आणि त्यांची आई तशाच करायची. गाडीपर्यंत गेले आणि वळले.

"पण बाई, हा डबा परत कसा करायचा?"

"आनून द्या की सवडीनं."

"ते खरं, पण..." साहेब डब्याकडे पाहत म्हणाले, "रिकामा कसा आणायचा?"

बायका फिसकन हसल्या. साहेबही हसले आणि गाडीत बसले.

महिनाभराने आदेश आला. शेड कायमची समूहाला. पैसा, फी, गुण, सवलत, बक्षीस यांना सक्त बंदी, आणि खाली एक ओळ जादा: डबे यातून वगळण्यात येत आहेत. आदेश घेऊन साहेब स्वतः आले होते. डब्यात बायकोने केलेल्या करंज्या होत्या.

म्हसोबाला आता काम उरलं नाही, पण बायकांनी त्याला काढू दिलं नाही. त्याच्या डोक्यावर पिशव्या ठेवायला बरं पडतं. ताराच्या पावलांवरची सूज उतरली आणि ती आता उभ्याने फुगडी घालते, दोन गिरक्यांची का होईना.

तिचा डबा अजून रत्नमालेच्या फळीवर आहे. सकाळी दारात भेटली की तारा विचारते, "कंडक्टरबाई, माझा डबा?"

"उद्या आनतो," रत्नमाला म्हणते, आणि तिचा हात धरून डबल बेल देते.